साकवावरचे तीन बोकड : द्विशिक्षकी शाळेतला एक इंग्रजी प्रयोग

परिस्थिती

मालवण तालुक्यातली खाडीकाठची एक वाडी. तिथे जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी एका गुरुजींकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. बाईंच्या वर्गाचा पट सतरा : तिसरीत आठ, चौथीत नऊ. खोली एकच, फळे दोन. मुलांच्या घरी मालवणी बोलतात. एक मुलगा चिरेखाणीवर (जांभ्या दगडाच्या खाणीवर) कामाला आलेल्या कुटुंबातला आहे, त्याच्या घरी कन्नड. निम्मी मुले व्हाळ (ओढा) ओलांडून, साकवावरून (लहान पुलावरून) शाळेत येतात.

राज्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्यामुळे या मुलांचे इंग्रजीचे हे तिसरे-चौथे वर्ष. रंग, फळे, प्राणी, आठवड्याचे वार त्यांना येतात. कृतिगीते खणखणीत म्हणतात. 'मे आय कम इन' तर दिवसातून दहादा होते. मात्र पाणी हवे असले, पेन्सिल हरवली किंवा शेजारच्याने ढकलले, तर तोंडातून इंग्रजी वाक्य निघत नाही. नामांचा साठा मोठा आहे, पण क्रियापदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही वाक्यात बसलेली नाहीत. बहुतेक शाळांतले चित्र असेच असते. वाक्यात काही शिकवायचे तर गोष्टीइतके सोयीचे साधन नाही, म्हणून जूनमध्ये बाईंनी एक जुनी परीकथा घेतली.

गोष्ट तीन बोकडांची. लहान, मोठा आणि सगळ्यांत मोठा, असे तिघे भाऊ. पलीकडच्या कुरणात चरायला जायचे तर वाटेत पूल, आणि पुलाखाली ट्रोल, म्हणजे लोककथांतला राक्षस. लहान म्हणतो, मला नको खाऊस, मागून मोठा भाऊ येतोय. मधलाही तेच सांगतो. शेवटचा मात्र ट्रोलला शिंगावर घेतो. ही मूळ नॉर्वेची लोककथा. आस्ब्यॉर्नसेन आणि मो या दोघांनी १८४० च्या दशकात ती संग्रहात आणली आणि १८५९ मध्ये ती इंग्रजीत आली.

पहिली फेरी का फसली

बाई एक वाक्य इंग्रजीत वाचत, लगेच त्याचे मराठी सांगत, मग पुढचे वाक्य. मुले मन लावून ऐकत होती, हसतही होती. नंतर वहीत शब्दार्थ उतरवले, समूहाने वाचन झाले, चार मुलांना पात्रे देऊन नाटुकलेही बसवले. गणपतीच्या सुट्टीनंतर विचारले तेव्हा गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण मराठीत. इंग्रजीतले उरले होते 'ट्रिप ट्रॅप' आणि 'गोट'.

यामागची कारणे नीट पाहायला हवीत, कारण पद्धत वरवर बिनचूक दिसते.

पहिले कारण भाषांतराच्या वेळेचे. इंग्रजी वाक्यानंतर दोन सेकंदांत मराठी मिळणार हे मुलाच्या कानाला एकदा कळले की तो इंग्रजी ऐकण्याचे कष्ट घेत नाही. तो आळशी नसतो, शहाणा असतो. अर्थ जिथून खात्रीने मिळतो तिथेच तो लक्ष देतो. कन्नड बोलणाऱ्या मुलाची अवस्था तर याहून कठीण : न कळणाऱ्या भाषेचा अर्थ अर्धवट कळणाऱ्या भाषेत.

दुसरे कारण पाठ्याचे. बाईंनी घेतलेली आवृत्ती जुन्या इंग्रजी भाषांतराच्या वळणाची होती. त्यात ट्रोलचे डोळे बशांएवढे आणि नाक विस्तव ढोसायच्या सळईएवढे. वाचायला बहार येते, पण तिसरीच्या मुलासाठी दर वाक्यात तीन-चार शब्द नवे. नव्या शब्दांची गर्दी झाली की पुन्हा भाषांतराची काठी हातात घ्यावी लागते.

तिसरे कारण समूहवाचनाचे. सतरा जणांच्या गजरात दोन-तीन मुले खरोखर म्हणतात आणि बाकीची अर्ध्या सेकंदाने मागून सूर लावतात. बाहेरून आवाज भरघोस येतो, म्हणून दोष लक्षात येत नाही. नाटुकल्यात तर चौघेच बोलले, तेरा जण प्रेक्षक. स्नेहसंमेलनाला ते शोभते, तासिकेला नाही.

खरी अडचण मात्र या तिन्हींच्या मुळाशी होती. कोणत्याही मुलाला इंग्रजी वाक्य बोलण्याची गरजच पडली नव्हती. गोष्ट बाई पुढे नेत होत्या. मुलाने तोंड उघडले नाही तरी मोठा बोकड पूल ओलांडतच होता.

गोष्ट तीच ठेवली

सिंड्रेला घ्या, मुलांना ती टीव्हीवरून माहीत आहे, अशी सूचना केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत हमखास येते. पण सिंड्रेलात प्रसंग फार आणि संवाद पुन्हा पुन्हा येत नाहीत. नवशिक्यासाठी परीकथा निवडताना कथानकाची ओळख हा निकष दुय्यम धरावा. आधी पाहावे, तेच वाक्य किमान तीनदा येते का, दर खेपेला त्यात एखादाच शब्द बदलतो का, आणि ते वाक्य कृतीने दाखवता येते का. तीन बोकडांची गोष्ट तिन्ही कसोट्यांवर उतरते. शिवाय या वर्गाला साकव, बोकड आणि गवत समजावून द्यावे लागत नाही.

दुसऱ्या फेरीसाठी गोष्ट छाटली. कुरण, डोंगर, शिंगे, बशीएवढे डोळे गेले. उरला तो एवढा संवाद :

ट्रोल : हूज दॅट ऑन माय ब्रिज?
बोकड : इट्स मी. आय ॲम द लिटल गोट.
ट्रोल : आय ॲम हंग्री. आय वॉन्ट टू ईट यू!
बोकड : नो, प्लीज! आय ॲम लिटल. माय ब्रदर इज बिग.
ट्रोल : ओके. गो!

मधला बोकड 'बिग गोट' आणि शेवटचा 'व्हेरी बिग गोट'. 'मिडल' किंवा 'मीडियम' मुद्दाम टाळले. 'व्हेरी' या एकाच शब्दाने काम भागते, आणि तो पुढे जन्मभर उपयोगी पडतो. मधला बोकड म्हणतो, 'माय ब्रदर इज व्हेरी बिग.' शेवटच्याला विनवणी नाही. त्याचे उत्तर, 'नो! आय ॲम व्हेरी बिग. यू गो!' पुढे ट्रोलचीच पळापळ.

एवढी छाटणी केली की गोष्टीचा रस जातो, अशी तक्रार होते. या वयाच्या मुलाला रस वर्णनात नसतो, 'आता तो खाणार का' यात असतो, आणि तो प्रश्न छाटणीनंतरही शाबूत राहतो.

सामान

करवंट्यांच्या तीन जोड्या : एक लहान नारळाची, एक मध्यम, एक मोठी. बाहेरचा काथ्या आणि आतले खोबरे खरवडून, कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. उपड्या करवंट्या बाकावर आपटल्या की खुरांचा हुबेहूब आवाज येतो. लहान बोकडासाठी हलक्या हाताने, भरभर. मोठ्यासाठी सावकाश आणि दणकून. आवाज ऐकूनच कोण येतोय ते मुलांना ओळखता येते. ऐकण्याचा पहिला सराव हाच.

ट्रोलचा मुखवटा पोफळीच्या विरीचा (विरी म्हणजे सुपारीच्या झावळीच्या बुडाचे रुंद आवरण). विरी ओली असतानाच डोळ्यांची भोके पाडावीत. वाळली की चिरते. मुखवटा तोंडापुढे धरायचा, बांधायचा नाही. बांधला की आवाज दबतो, आणि आपल्याला तर आवाजच हवा आहे.

दोन चिऱ्यांवर टाकलेली फळी हा साकव. चिरे आडवे ठेवावेत म्हणजे उंची कमी राहते, आणि त्यांच्या खरखरीत कडांवर गोणपाट टाकावे, नाहीतर पोटऱ्या सोलवटतात. हा साकव फक्त पहिल्या सांगण्यापुरता. सरावासाठी व्हरांड्यात खडूने चार पूल आखले, प्रत्येक एक फूट रुंद आणि आठ फूट लांब.

चित्रे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर काढली. बोकड आपल्याकडचेच. कोकण कन्याळ ही शेळीची जात सिंधुदुर्गातलीच, मुलांच्या गोठ्यातली. परदेशी पुस्तकातला लांब दाढीचा डोंगरी बोकड काढला, तर हा कोण इथपासून सुरुवात करावी लागते. पूलही कमानीचा दगडी नव्हे, साकवासारखा.

ट्रोलला काय म्हणायचे हा नाजूक प्रश्न आहे. राक्षस म्हणता येईल, पण कोकणात मोह होतो तो गिऱ्हा म्हणण्याचा. पाण्याकाठी राहून वाटसरूला छळणारा तो असा एकच. हा मोह टाळावा. ही मुले रोज संध्याकाळी खऱ्या साकवावरून घरी जातात. गोष्टीतल्या पुलाखाली गिऱ्हा बसवला तर तो शाळा सुटल्यावरही तिथेच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येतात. ट्रोल हा ट्रोलच राहू द्यावा; हिरव्या केसांचा, भुकेला आणि बराचसा बावळट.

दहा तासिका

आठवड्याला तीन, प्रत्येकी पस्तीस मिनिटांच्या.

पहिल्या तासिकेला सुरुवातीची तीन वाक्ये मराठीत : एक साकव आहे, पलीकडे गवत आहे, साकवाखाली ट्रोल राहतो. एवढे सांगून मराठीचे काम संपले. मग करवंट्या, मुखवटा आणि फळी घेऊन गोष्ट इंग्रजीत, सलग, सहा-सात मिनिटांत. थोडे थांबून पुन्हा तशीच. 'माझ्यामागून म्हणा' हे वाक्य या दिवशी उच्चारायचेच नाही.

मुले गप्प बसत नाहीत, आणि बसूही नयेत. लहान बोकड पुलावर येताच मागून कोणीतरी ओरडते, 'तो तेका खातलो!' (तो त्याला खाणार!) इथे बाईंचे काम फार मोलाचे आहे. मुलाला मालवणीवरून टोकायचे नाही आणि मराठीत उत्तरही द्यायचे नाही. त्याचेच म्हणणे इंग्रजीत परत करायचे : 'येस! ही वॉन्ट्स टू ईट हिम!' अर्थ मुलाच्या डोक्यात आधीच आहे, वाक्य त्याच्यावर बेतून येते. भाषांतरात क्रम उलटा असतो, आधी परके वाक्य आणि मग अर्थ. म्हणून ते टिकत नाही.

शेवटी समजले का ते पाहायला बोटाने दाखवण्याचे प्रश्न. 'शो मी द व्हेरी बिग गोट.' 'हू इज हंग्री?' उत्तर बोटाने आले तरी पूर्ण गुण. कन्नड बोलणाऱ्या मुलाने या दिवशी सगळ्यांच्या बरोबरीने बोट दाखवले. शर्यत पहिल्यांदाच एका रेषेवरून सुरू झाली होती.

दुसरी तासिका अंगाची. 'वॉक', 'स्टॉप', 'ईट ग्रास', 'रन', 'सिट अंडर द ब्रिज'. बाई आज्ञा देतात, मुले करतात, बोलत नाहीत. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली कृती-प्रतिसादाची पद्धत ती हीच. भाषा आधी शरीराने समजते, जिभेवर नंतर येते. आज्ञा नेहमी एकाच क्रमाने दिल्या तर मुले ऐकणे सोडून क्रम पाठ करतात, म्हणून क्रम सतत मोडायचा. 'वॉक' म्हणता म्हणता मध्येच 'वॉक लाइक द लिटल गोट' आले की कोण ऐकतोय ते लगेच दिसते.

तिसऱ्या-चौथ्या तासिकेला संवाद. ट्रोल बाईच. आधी सगळा वर्ग मिळून लहान बोकड, मग तीन गट, मग जोड्या आणि शेवटी एकेक. आवाज बदलायचा : लहानाचा बारीक, मोठ्याचा जाड. आवाज बदलताना मुले तेच वाक्य न कंटाळता दहा वेळा म्हणतात. साधी घोकंपट्टी तिसऱ्या खेपेला मरगळते.

उच्चाराच्या तीन जागा इथे पक्क्या करून घ्याव्यात. एक, 'इट्स मी' आणि 'ईट यू'. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे मुले दोन्ही सारखेच म्हणतात. 'ईट' म्हणताना हात लांबवर ताणायचा, 'इट्स' म्हणताना चुटकी वाजवायची. दुसरी जागा 'गोट्स' या शब्दाचा शेवट. अक्षरे पाहून मुले 'गोटस्' असे फोडून म्हणतात. तो शेवट म्हणजे 'पाच' मधला च, इतके सांगितले की पुरते, कारण हा उच्चार मराठीत जन्मापासून आहे. तिसरी, 'ब्रिज' मधला ज 'जीव' मधला आहे, 'आज' मधला नाही. 'व्हेरी' आणि 'वॉन्ट' यांतला ओठांचा फरक या टप्प्यावर सोडून द्यावा. तो बाईंनी स्वतः नीट उच्चारावा. मुलांकडून घासून घेण्यात वेळ जातो आणि बोलण्याचा हुरूप मोडतो.

'द' हमखास गळतो. 'आय ॲम लिटल गोट' असेच येते, कारण आपल्या भाषेत त्या जागी काहीच नसते. 'चुकलं' म्हणून वाक्य तोडू नये. ट्रोलने कानाला हात लावून विचारावे, 'यू आर... द लिटल गोट?' मूल 'येस, द लिटल गोट' म्हणते आणि काम होते.

पाचव्या तासिकेला व्हरांड्यातले चार पूल. चौघांचा एक गट : एक ट्रोल आणि तीन बोकड. चौथ्या गटात पाच मुले. पाचवे मूल गवताच्या बाजूला उभे राहून 'कम हियर!' म्हणत भावांना बोलावते. प्रत्येक फेरीनंतर ट्रोल बदलायचा. ट्रोल व्हायला सगळेच धडपडतात, ते चांगलेच, कारण गोष्टीत प्रश्न विचारणारा तोच आहे आणि त्याला तीनदा विचारावे लागते. एक ओलांडणी साधारण मिनिटाची. चार पूल एकाच वेळी चालले की पंधरा मिनिटांत प्रत्येक मूल प्रत्येक पात्र करून मोकळे होते. फळीवर एकेकाला बोलावले असते तर तेवढ्या वेळात बहुतेकांना एकदाच संधी मिळाली असती, आणि उरलेल्यांची मस्ती निस्तरण्यात बाई दमल्या असत्या.

पुलांच्या पहिल्या दिवशी गोंधळ झाला तो करवंट्यांचा. चारही गटांत वाटून दिल्या, तेव्हा पलीकडच्या खोलीत पहिली-दुसरीच्या गुरुजींना फळ्यावर लिहिणेही अशक्य झाले. पुढे करवंट्या बाईंकडेच राहिल्या, गटांनी पायांनी आवाज काढले. ट्रोलला शिंगावर घेण्याच्या प्रसंगाचीही शिस्त ठरवावी लागते. बोकडाने तिसऱ्यांदा पाय आपटला की ट्रोलने आपणहून बसायचे. अंगाला हात लावायचा नाही.

सहाव्या तासिकेला वाचन. संवादाचे प्रत्येक वाक्य वेगळ्या पट्टीवर, अक्षरे दोन इंच उंच. मुले झरझर वाचतात, आणि इथेच फसायला होते. ती वाचत नसतात, पाठ म्हणत असतात. पट्ट्यांचा क्रम उलटसुलट करून एकच पट्टी मध्येच उचलून दाखवली की खरे चित्र समोर येते. मग पट्टीचे शब्द कात्रीने सुटे करून वाक्य पुन्हा जुळवायला द्यावे. चौथीला पूर्ण वाक्य, तिसरीला 'आय ॲम द' पर्यंतचा भाग जोडलेला आणि पुढचे दोन शब्द सुटे. 'बिग' आणि 'ब्रिज' यांतला बी डीसारखा उलटा काढणारी दोन-तीन मुले असतातच. त्यांना तो शब्द वाळूत बोटाने गिरवू द्यावा. वाळूची वानवा या भागात नाही.

वळण

सातवी ते नववी या तीन तासिका नसत्या, तर सगळा खटाटोप पहिल्या फेरीपेक्षा रंगतदार पाठांतर ठरला असता. सहाव्या दिवसापर्यंत मुले बोलत होती, पण काय बोलायचे ते आधीच ठरलेले होते. ट्रोलला उत्तर माहीत असेल तर त्याचा प्रश्न खोटा असतो.

म्हणून चिठ्ठ्या आल्या. प्रत्येक चिठ्ठीत एक प्राणी आणि एक खाऊ. काउ आणि ग्रास. कॅट आणि फिश. क्रो आणि राइस. मंकी आणि मँगो. क्रॅबची चिठ्ठी मुलांनीच मागून घेतली. चिठ्ठी खिशात, ट्रोलला काही ठाऊक नाही. संवादात एकच प्रश्न नवा :

ट्रोल : हूज दॅट ऑन माय ब्रिज?
प्राणी : इट्स मी. आय ॲम अ कॅट.
ट्रोल : वॉट डू यू वॉन्ट?
प्राणी : आय वॉन्ट फिश.
ट्रोल : ओके, गो. किंवा, नो! माय फिश!

शेवटचे वाक्य ट्रोलच्या मर्जीवर सोपवले, आणि सगळा वर्ग जागा झाला. ट्रोलने नाही म्हटले की मांजराला काहीतरी सुचवावेच लागते. 'प्लीज, आय ॲम हंग्री' येते, 'आय ॲम लिटल' येते, 'माय ब्रदर इज बिग' तर धमकी म्हणून येते. एका मुलीने माकड होऊन ट्रोललाच विचारले, 'यू वॉन्ट मँगो?' आणि वाट मोकळी करून घेतली. वाक्यात 'डू' नाही, 'अ' नाही, पण तिला जे हवे होते ते त्याने मिळवून दिले. तेवढ्या क्षणी व्याकरणाकडे वळायचे नसते. ट्रोलने उत्तर द्यायचे, 'येस! आय वॉन्ट अ मँगो!' आणि वाटेतून बाजूला व्हायचे.

या टप्प्याला सिंधुदुर्गातल्या मुलांचे एक भांडवल कामी येते, ते दशावताराचे, म्हणजे इथल्या जत्रांतल्या लोकनाट्याचे. जत्रेत रात्र जागवलेल्या मुलाला माहीत असते की कथानक ठरलेले असते, पण लिहिलेली संहिता नसते. पात्र रंगमंचावर येते, आपण कोण ते दिमाखात सांगते आणि समोरच्याला जागच्या जागी उत्तर देते. बाईंनी एवढेच म्हटले, 'दशावतारात येतात तसे या.' लगेच बोकडाची चाल बदलली, छाती पुढे आली आणि 'आय ॲम द व्हेरी बिग गोट' सगळ्या व्हरांड्यात घुमले. त्या आवेशात 'द' सुद्धा गळला नाही.

चिठ्ठीच्या खेळात चुका बऱ्याच होतात, आणि त्या पाठांतरातल्या चुकांपेक्षा वेगळ्या असतात. 'आय ॲम वॉन्ट फिश' ही त्यांतली सगळ्यांत सार्वत्रिक. 'आय ॲम' हा एकच शब्द असल्यासारखा डोक्यात बसलेला असतो, म्हणून तो सगळीकडे लागतो. यावर नियम सांगून उपयोग नाही. दोन रंगांच्या पट्ट्या करायच्या : लाल 'आय ॲम', निळी 'आय वॉन्ट'. स्वतः कोण ते सांगताना लाल उचलायची, काय हवे ते सांगताना निळी. आठव्या तासिकेला पट्टी हातात होती, नवव्याला काढून घेतली. बहुतेकांचे जमले, काहींचे नाही.

दहाव्या तासिकेला लेखन. तीन ओळी : आपण कोण, काय हवे, आणि भाऊ-बहिणीबद्दल एक वाक्य. तिसरीने रिकाम्या जागा भरल्या, चौथीने पूर्ण ओळी लिहिल्या. 'ब्रिज' लिहिताना डी आणि जी यांची अदलाबदल सर्रास झाली. ती दुरुस्त केली, पण त्याचे गुण कापले नाहीत.

नोंद आणि निष्पत्ती

आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या वर्गातल्या मूल्यमापनाच्या) नोंदवहीत 'गोष्ट येते' अशी नोंद निरुपयोगी आहे. तिच्या जागी प्रत्येक मुलासमोर तीनच प्रश्न ठेवले. आठवण करून दिल्यावर वाक्य म्हणतो का? न सुचवता म्हणतो का? वाक्यातला एक शब्द स्वतः बदलून म्हणतो का? हे तपासायला मुलामागे एक मिनिट लागते, तेही पुलावर खेळता खेळता. परीक्षा आहे हे त्याला कळायला नको.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहिले तेव्हा 'हूज दॅट?' वर्गाच्या दारात रुजला होता. दार वाजले की आतून कोणीतरी विचारायचेच, आणि बाहेरच्याला उत्तर देणे भाग पडायचे. 'माय ब्रदर इज बिग' वरून 'माय बॅग इज बिग', 'माय पेन्सिल इज लिटल' अशी वाक्ये निघत होती. 'आय वॉन्ट वॉटर' रोजच्या वापरात आले. तिथे 'प्लीज' जोडायला लावणे तेवढे राहिले. 'द' आणि 'अ' मात्र खेळाबाहेर पुन्हा गळू लागले. या वयात त्याची चिंता नको. 'वॉट डू यू वॉन्ट' मुले बोलत होती ती एक अखंड तुकडा म्हणून. 'वॉट डू यू ईट' असा त्याचा विस्तार कोणालाच साधला नाही. तो पुढच्या सत्राचा विषय.

कन्नड बोलणारा मुलगा चिठ्ठीच्या खेळात दुसऱ्या दिवसापासून न सुचवता बोलू लागला. मराठीत तो अजून अडखळतो, इंग्रजीत मात्र सगळ्यांच्या पंक्तीला आहे.

तिसरीतली दोन मुले शेवटपर्यंत गटात ओठ हलवत राहिली, एकट्याने बोलली नाहीत. त्यांना सगळे समजते, आज्ञा बिनचूक पाळतात, पट्ट्या बरोबर लावतात. त्यांना पुलावर एकटे उभे करून 'बोल बोल' म्हणणे हा सगळ्यांत वाईट उपाय. त्यांना मुखवट्यामागे ट्रोल करावे आणि सुरुवातीला फक्त 'ओके. गो!' एवढेच वाक्य द्यावे. दोन शब्दांत समोरच्याला सोडायचे की अडवायचे ते ठरवता येते. मग 'नो!' द्यावा. मग प्रश्न. बाईंनी डिसेंबरसाठी याच क्रमाने आखणी केली आहे. पोफळीची विरी वाळून चिरली होती, नवी ओली विरी मुलांनी बागेतून आणून ठेवली आहे.